घरातलं टाकलेलं काहीतरी

शाळू निघायला लागला की माझा वर्ग खाजवायला लागतो. पोरं सकाळी आईबापाबरोबर रानात जाऊन येतात, ताटं उपटायला हात लावतात, पेंढ्या ओढतात, आणि मानेवर, कानामागे पाल्याची बारीक लव घेऊन तशीच परिपाठाला उभी राहतात. हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि निम्मी रांग खांद्याने मान घासतेय. नवीन होते तेव्हा मी खेकसायचे. आता खेकसत नाही. या दिवसांत माझाच जीव थाऱ्यावर नसतो, कारण शाळू निघाला म्हणजे तो मेसेज येणार हे ठरलेलं असतं.

परवा खिचडीच्या सुट्टीत तो आलाच. सर्व शाळांनी 'टाकाऊतून टिकाऊ' या उपक्रमांतर्गत वस्तू तयार करून प्रदर्शनात मांडाव्यात, फोटो पाठवावेत, हयगय करू नये. खाली लगेच कुणी हात जोडले होते, कुणी अंगठा दाखवला होता. मी मोबाईल टेबलावर पालथा घातला. आमचे गुरुजी, म्हणजे तिसरी-चौथीला शिकवणारे आणि मुख्याध्यापकही तेच, ताटलीतला शेवटचा घास संपवून म्हणाले, "यंदा काय करायचं, मॅडम?" मी म्हटलं, "यंदा तुम्ही करा. मला विचारू नका." एवढं तोडून बोलल्यावर दुसरा कुणी चिडला असता. गुरुजी ताटली विसळायला उठले. त्यांना कारण माहीत आहे.

मी मूळची सांगलीकडची. आमचं घर जैनांचं, शेतकऱ्याचं. घराच्या मागे ऊस, पुढे ऊस, आणि पावसाळ्यात नदीचं पाणी दारापर्यंत येतं का याची काळजी. नोकरी लागली ती खटाव तालुक्यात, वडूजपासून आत, जिथे दारात पाणी येण्याची काळजी कुणाला नाही. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन, पहिली-दुसरी एकाच खोलीत माझ्याकडे. नवरा सांगलीत नोकरीला. मी वडूजला खोली घेऊन राहते आणि शनिवारी शाळा सुटली की एसटी धरते. शाळूची, म्हणजे रब्बीच्या ज्वारीची, खरी ओळख मला इथे झाली. आमच्याकडे पोरांच्या हातात ऊस असायचा, तो खाल्ला की संपला. इथल्या पोरांच्या हातात गेल्या सालच्या कडब्यातलं वाळलेलं चिपाड असतं, आणि त्याचं काहीही होतं. वरची साल सोलली की आत पांढरं हलकं भेंड. भेंडाचे तुकडे करायचे, सालीच्या काड्या त्यात टोचायच्या. चष्मा होतो, बैलगाडी होते, तराजू होतो. डिंक नको, कात्री नको.

हस्तकलेचं वेड मला डी.एड.पासून. शिक्षण खातं काही देवो न देवो, माझ्या कपाटात कधी कमी पडलं नाही. बाटल्यांच्या झाकणांवर बाराखडी लिहिलेली, चिंचोक्यांची दशकं बांधलेली, काडेपेट्यांची रेल्वे. गावात लग्न झालं की पत्रिका माझ्याकडे यायच्या. त्या कापून मी वाचनकार्डं करायचे. त्याचा परिणाम असा झाला की माझी पहिलीची पोरं 'कमळ' वाचायच्या आधी 'श्रीकृपेकरून' वाचायला शिकली, आणि एक जण तर शाळा तपासायला आलेल्या साहेबांना 'सहकुटुंब सहपरिवार' म्हणाला. साहेब हसले. मला तेव्हा वाटायचं, जगात वाया जाण्यासारखं काही नसतं, आपल्याला फक्त बघता आलं पाहिजे. असं मी शिक्षकांच्या सभेत उभं राहून बोललेही आहे. आठवलं की कान गरम होतात.

गेल्या साली हेच दिवस होते. पौषातलं ऊन, वर गार वारं, औंधला यमाईची जत्रा होऊन गेलेली, पोरांच्या दप्तरात अजून जत्रेतल्या पिपाण्या. असंच पत्र आलं होतं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'टाकाऊतून टिकाऊ'. एकालाही अर्थ कळेना. पुस्तकी शब्द, त्यांच्या घरात कोण बोलतंय. म्हणून मी सोपं करून सांगितलं. शिक्षकाला सोपं करून सांगायची फार हौस असते.

मी म्हणाले, "घरातलं टाकलेलं काहीतरी आणा. कोपऱ्यात पडून असतं, कुणाला नको असतं, जाता-येता सगळ्यांना अडचण होते, असं. आपण त्याचं इतकं छान काहीतरी बनवू की ते सगळ्यांना हवंसं वाटेल. मग ते परत कुणी टाकणार नाही." मी यातला शब्दन्‌शब्द सांगू शकते. वर्षभर तो माझ्या डोक्यात फिरतोय.

दुसरीच्या रांगेत पुढे ईश्वरी बसायची. बारकी, केस तेलाने चापून बसवलेले, आणि सांगितलेलं तंतोतंत करणारी. एकदा गणित घालून मी म्हटलं होतं, "जरा डोकं चालवा." बाकीची पोरं बोटं मोजायला लागली, ही मान डावीकडे-उजवीकडे हलवत बसली. सगळा वर्ग हसला. ती हसली नाही. बाईंनी सांगितलं ते तिने केलं होतं, त्यात हसण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा होता. त्या दिवशी टाकलेलं आणा म्हटल्यावर तिने फक्त एक विचारलं, "बाई, मोठं असलं तर चालंल?" मी म्हटलं, "चालेल की."

दुसऱ्या दिवशी वर्गात भंगाराचं दुकान लागलं. फुटकी चाळण, एका पायाची चप्पल, सलाइनची बाटली, बिनकाट्याचं घड्याळ. एकाने फौजेतून आलेल्या आजोबांच्या पट्ट्याचं बक्कल उचलून आणलं होतं, ते मी आल्या पावली परत पाठवलं. हजेरी घेतली तेव्हा ईश्वरी नव्हती. मी वही मिटतेय तोवर दारात सावली पडली. ईश्वरीने दोन्ही हातांनी एका बाईचा हात धरला होता आणि तिला ओढत आत आणत होती.

ती तिची आई, सारिका. गावातल्या आबांची मुलगी. आबा फौजेतून पेन्शन घेऊन आलेले, आता थकलेले. ही तीन वर्षं पोरीला घेऊन माहेरीच होती एवढं मला ऐकून माहीत होतं. रानातून नुकतीच आली असणार, कारण साडी घडीची होती पण हातांना शाळूची माती होती, आणि घाईने लावलेली पावडर मानेपर्यंत पोचली नव्हती. दारातच थांबून ती म्हणाली, "मॅडम, बोलावलं व्हतं न्हवं? काय केलं हिनं? कालपास्नं एकच लावलंय, बाईंनी तुला आणायला सांगितलंय."

मी म्हटलं, "मी नाही बोलावलं." आणि ईश्वरीकडे वळून जरा चढ्या आवाजात विचारलं, "काय गं, मी आईला आणायला सांगितलं होतं?"

"व्हय," ईश्वरी म्हणाली. "घरातलं टाकलेलं आणा म्हणला हुता की. आमच्यात आईच हाय."

मागे एक पोरगा फिसकन हसला, शेजारच्याने त्याला कोपर मारलं. बाकी कुणी हसलं नाही. सात-सात वर्षांची ती पोरं, 'टाकाऊ' त्यांना कळला नव्हता, पण नवऱ्यानं टाकलेली म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. घरोघरी चुलीपुढे बसून ऐकलेला शब्द तो. मीही लहानपणापासून ऐकलेला. तरी मी तो फळ्यापुढे उभी राहून खुशाल वापरला आणि माझ्या मनातही आलं नाही. आपल्या अंगावर न आलेला शब्द आपल्याला नुसता शब्दच वाटतो.

मला वाटलं आता ही पोरीच्या पाठीत धपाटा घालणार. तिने घातला नाही. कोपऱ्यातल्या त्या ढिगाकडे, चाळणीकडे, चपलेकडे तिने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "बरोबर हाय तिचं." आणि माझ्याकडे बघून, अगदी सरळ, "मग काय बनवताय माझं?"

"बसा," मी म्हटलं. ती बसली. अख्खा वर्ग बघत असताना पाठ फिरवून जायचं तरी कसं, म्हणूनही बसली असेल. ढिगाशेजारी मी आणून ठेवलेली चिपाडं होती. थोड्या वेळाने तिचा हात आपोआप तिकडे गेला, आणि तिने दाताने साल सोलायला सुरुवात केली.

शाळा सुटताना ईश्वरी माझ्याजवळ आली. "बाई, किती दिस लागतील?"

"कशाला?"

"आईला. टिकाऊ व्हायला."

मी म्हटलं, "बघू." हा शब्द आम्हा मास्तरलोकांच्या तोंडात बसलेला आहे. नाही म्हणायचं धाडस नसलं की बघू. पण तिच्यासाठी ते कबूल केल्यासारखं होतं. त्यानंतर दर शनिवारी ती विचारायची, "आजून किती?" आणि मी दर शनिवारी बघू म्हणायचे.

शनिवारी आमच्याकडे दप्तर नसतं. सारिका येऊ लागली. मी बोलावलं म्हणून नव्हे, ईश्वरी तिला घेऊनच यायची. तिच्या हातात जी करामत होती ती माझ्या कुठल्या प्रशिक्षणात मी बघितली नव्हती. सालीची धार पात्यासारखी असते, पोरांची बोटं कापायची. तिने त्यांना साल उलटी वाकवून मोडायला शिकवलं. मी एका चष्म्याला पाऊण तास लावायचे, तेवढ्यात ती बैलगाडी करायची, जू, साट्या, आत बसलेली बाई सगळं, आणि बाईच्या डोक्यावर मक्याच्या पात्याचा पदर. खोलीत पिवळं ऊन यायचं, वाऱ्याने भेंडाचा पांढरा चुरा जमिनीवरून पळायचा, पोरं तो पकडायला धावायची. बाहेर दूरवर शाळूच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या दिसायच्या. त्या खोलीत मी सुखी होते, हे मला आता सांगायला लाज वाटते.

हाताला काम असलं की ती बोलायची. नुसतं बसून विचारलं तर काही सांगत नसे. एकदा गाडीचं चाक कापता कापता म्हणाली, "भांडण न्हाई, मारहाण न्हाई. येक दिस म्हणला, माहेराला जाऊन ये चार दिस. गेलो. न्यायला आलाच न्हाई." आमच्या भागात बायकाही 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात, मीही घरी तशीच बोलते. नवऱ्याचं गाव शिराळ्याच्या पलीकडे. त्याने दुसरी केली होती. काडीमोड नाही, कागद नाही, काहीच नाही. "शाळंत कसं, नाव काढत्यात तवा दाखला तरी देत्यात," असं म्हणून ती जरा हसली.

तिला माहेरी तीन वर्षं झाली होती आणि मी नवऱ्यापासून लांब राहून सहा वर्षं. मला कुणी टाकलेली म्हणत नव्हतं. मला मॅडम म्हणत. वडूजच्या स्टँडवर माझ्यासाठी जागा धरत. दोघींत फरक तो काय, माझ्या हजेरीच्या मस्टरवर रोज सही होती आणि तिच्या हातात चिपाड होतं. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. तेव्हा माझं लक्ष प्रदर्शनाकडे होतं.

प्रदर्शनाच्या वस्तूवर चिठ्ठी लावायची असते. शाळेचं नाव, विद्यार्थ्याचं नाव, मार्गदर्शक शिक्षकाचं नाव. सारिकाचं नाव लिहायला त्यावर जागाच नव्हती. मी चिठ्ठीच्या मागे तरी लिहू शकले असते. नाही लिहिलं. बैलगाडीला बक्षीस मिळालं, प्रमाणपत्रावर माझं नाव आलं. आणि मला वाटलं आपण तिच्यासाठीही काहीतरी केलं पाहिजे, म्हणून मी तिचा एक फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. सारिका पोरांच्या गराड्यात बसलेली, हातात गाडी, चेहऱ्यावर ऊन. फोटो सुंदर होता. खाली मी उपक्रमाचं नाव लिहिलं, जसं सगळ्याच फोटोंखाली लिहीत होते. टाकाऊतून टिकाऊ.

ईश्वरीची चूक सात वर्षांच्या पोरीची होती. ही मात्र माझी.

फोटो एका ग्रुपवरून दुसऱ्यावर गेला. आठ दिवसांत गावात सारिकाला 'टिकाऊ' म्हणायला लागले. दळण घेऊन चालली तर कट्ट्यावरून आवाज यायचा, "टिकाऊ आली रं." ती पुढच्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी घरी गेले तर आबा ओट्यावर बसले होते. मला बसा म्हणाले नाहीत. म्हणाले, "मॅडम, फौजेत आमी लय काय काय सोसलं. ह्ये न्हाई सोसत." मी फोटो काढून टाकला, पण असं काढल्याने निघत नसतं.

फोटो फिरत फिरत शिराळ्याच्या पलीकडेही पोचला. शिमगा झाला आणि सारिकाची सासू आणि दीर गाडी करून तिला न्यायला आले. झालं गेलं विसरा, आमच्या घरातली बाई अशी लोकांच्या तोंडी नको, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सारिका ईश्वरीचा दाखला मागायला शाळेत आली. मी म्हटलं, परीक्षा तरी होऊ दे. "दुसरीची कसली परीक्षा, असं सासरची म्हणत्यात," म्हणाली.

गुरुजी दाखला लिहीत होते. सारिका माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमी सांगा. जाऊ का नगं?"

ईश्वरी तिच्या पदराला धरून उभी होती. इतका उजळलेला चेहरा मी वर्गात कधी बघितला नव्हता. मला म्हणाली, "बाई, झाली की आई टिकाऊ. न्यायला आल्याती."

मला विचारायला हवं होतं, ते आत्ताच का आले. तिथे कोण कोण आहे, तुझी जागा काय असणार, ते तुला काय म्हणून नेतायत. शिकलेल्या बाईने एवढं तरी विचारावं. पण त्या फोटोपासून मला झोप लागत नव्हती, आणि समोर ते पोरगं हसत होतं, आणि मला वाटलं माझी चूक निस्तरतेय आपोआप. मी म्हटलं, "जा." एवढंच.

मूल शाळा सोडून गेलं की संगणकावर त्याचं नाव एका डब्यात पडतं. नवीन शाळा ते नाव मागून घेते, मग ते इथून जातं. जूनमध्ये मी बघितलं, ईश्वरीचं नाव डब्यातच. मला वाटलं, उशीर करतात लोक. जुलैत बघितलं, श्रावणात बघितलं. सारिकाचा मोबाईल बंद. आबांना विचारलं तर म्हणाले, "बरी हाय म्हणत्यात." कोण म्हणतात ते सांगेनात. गौरी-गणपती झाले, सहामाही झाली, नाव तिथेच होतं. कुठल्याच शाळेने तिला मागितलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी सांगलीहून शिराळ्याची एसटी धरली. नवऱ्याला सांगितलं, मैत्रिणीकडे जातेय. शिराळ्याहून पुढे वडापची जीप. घर शोधायला त्रास झाला नाही. पडवीत झोळी टांगलेली होती, तिला दोरी, आणि दोरीचं टोक ईश्वरीच्या पायाच्या अंगठ्याला. हाताने ती लसूण सोलत होती. मला बघून उठायला गेली, झोळी हिसकली, आतलं बाळ रडायला लागलं. बाळ नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोचं होतं. शिमग्याच्या आधी पंधरा दिवस झालेलं.

"बाई, तुमी केलंसा बघा," ईश्वरी म्हणाली. कौतुकाने म्हणाली, खरोखर. "आईला आता कोण टाकत न्हाई. लय काम असतं तिला."

"आणि तुझी शाळा?"

"बाळ चालाय लागलं की जाणार हाय. आजीनं सांगितलंय."

माझ्या खांद्याला कापडी पिशवी होती, तिच्यावर दुकानाचं नाव छापलेलं. मी म्हटलं, वाच बघू. दोन अक्षरं वाचली, तिसऱ्याला अडली, आणि माझ्याकडे बघून हसली. गेल्या साली ती अख्खी लग्नपत्रिका वाचत होती, खालच्या बारीक अक्षरातल्या मामा-मावश्यांसकट.

सारिका गोठ्यातून आली. हात शेणाने भरलेले, म्हणून लांबच उभी राहिली. आधीपेक्षा वाळली होती. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, हे चालायचं नाही, मी कळवणार. शाळाबाह्य मूल आढळलं की कळवणं माझं काम आहे. ती म्हणाली, "कळवू नगा, मॅडम. सायब येणार, चार माणसांत ह्यांची लाज जाणार, आन मग आमाला काढणार. आबांचं वय झालंय. परत जाऊन मी कुणाच्या दारात उभी राहू? बाळ चालाय लागंल आता. वरीस जाऊ द्या." जाताना तिने शेजारणीचा नंबर दिला, म्हणाली, लईच काही असलं तर.

मी कळवणार नाही म्हटलं आणि परत आले. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. मी स्वतःला सांगत होते, तिच्या डोक्यावरचं छप्पर मोठं की तिसरीचं पुस्तक मोठं. खरं तर मी भित्री आहे, एवढंच ते होतं. रोज वर्गात चार गोष्टी शिकवायच्या आणि एक पोरगी कुठे आहे हे माहीत असून झाकून ठेवायची.

आणि आता पुन्हा शाळू निघालाय. मेसेजपाठोपाठ शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचा नमुनाही आला. दरवर्षी येतो. आम्ही दरवर्षी त्यात एकच शब्द लिहितो, निरंक. म्हणजे काही नाही, कुणी नाही. सरकारी कागदावरचा सगळ्यात सोयीचा शब्द तो. काल दुपारी गुरुजी पेन उघडून बसले आणि म्हणाले, "निरंकच लिहायचं ना, मॅडम?"

खिडकीतून माझ्या वर्गाचा आवाज येत होता. पहिलीची दोघं भांडत होती, 'ही माझी काडी, ही माझी काडी.' मी गुरुजींच्या हातून पेन घेतलं आणि ईश्वरीचं नाव लिहिलं, आईचं नाव लिहिलं, शिराळ्याच्या पलीकडच्या त्या गावाचं नाव लिहिलं. गुरुजींनी वाचलं. म्हणाले, "तिला कळवलंय का?" मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी सही केली आणि शिक्का मारला.

कागद पाठवून झाल्यावर मी शेजारणीच्या नंबरवर फोन लावला. आधी लावायला हवा होता, तो नंतर लावला. तेवढीच अक्कल मला. बऱ्याच वेळाने सारिका फोनवर आली. मागे बाळ रडत होतं, भांडी वाजत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. नाव कळवलंय, शिक्षण खात्याचे लोक येतील, चौकशी करतील, ईश्वरीला शाळेत घालावंच लागेल.



"तुमी जा म्हणला, मी गेलो," ती म्हणाली. "कळवत न्हाई म्हणला, मी त्याच्या भरवशावर राह्यलो. आता कळवलं म्हणताय." आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "येकदा आधी इचारायचं तरी मला."

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"कवा येणार हायती?"

"दोन-तीन दिवसांत."

बाळाला कुणीतरी उचललं असावं, रडणं लांब गेलं.

"बरं," ती म्हणाली. "मग आज पोरीचं डोकं धुतो. सायबापुढं नीट दिसाय पायजे. आन मॅडम, तेवढं आबास्नी सांगा. म्हणावं, आमचं दोघींचं हंतरुण उन्हात घाला."